नाद लागलेल्या माणसांची गल्ली

“सर, इसकू नाद लगेला हय. तुमीच समजाव.”

गेल्या मे महिन्यात पाटणमधल्या माझ्या एका विद्यार्थ्याचे अब्बा घरी येऊन एवढंच म्हणाले आणि चहाचा कप हातात धरून बसून राहिले. पोरगा नुकताच बारावी झालेला. गुण बेताचे, पण वाईट नाहीत. बापाचं म्हणणं असं की त्यानं कराडला बी.ए.ला नाव घालावं, पुढं बी.एड. करावं आणि ‘आपल्या सरांसारखं’ कुठंतरी चिकटावं. पोराचं लक्ष दुसरीकडंच. वरातीत वाजणारे बेंजो, भजनी मंडळांच्या पेट्या, ढोलक्या असं काय काय तो दुरुस्त करतो. कोयनाकाठच्या गावांतून बँडवाले त्याचं घर शोधत येतात. आता त्याला मिरजेला जायचं आहे, तंबोरे आणि सतारी करायला शिकायचं आहे.

मराठीत ‘नाद’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक खोड किंवा व्यसन, दुसरा आवाज. पोराच्या बाबतीत दोन्ही खरे होते. उर्दूत आपण याला शौक म्हणतो आणि तिथंही बापाच्या तोंडी तो शब्द आला की त्यात कौतुक कमी आणि काळजी जास्त असते.

मी त्यांना लगेच काही बोललो नाही. त्याला कारण आहे. सतराएक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नस्तालीक अक्षर इतकं सुंदर होतं की फळ्यावर त्यानं लिहिलेला सुविचार पुसायला मला जिवावर यायचं. त्याला खुशखती शिकायची होती, हैदराबादला कुणी उस्ताद मिळतो का ते बघायचं होतं. मी त्याला म्हणालो, “बेटा, आधी डी.एड. कर. पोटाचं बघ, मग शौक.” त्यानं ऐकलं. त्याचं डी.एड. झालं आणि 2012 नंतर राज्यातली शिक्षकभरती काही वर्षं जवळजवळ थांबली. आज तो टेम्पो चालवतो. भेटला की अदबीनं सलाम करतो, तक्रार कधीच करत नाही. त्याच्या टेम्पोच्या मागच्या फळीवर त्यानं स्वतः रंगवलेलं ‘माशाअल्लाह’ आहे. ते अक्षर बघितलं की मला माझाच सल्ला आठवतो.

म्हणून या खेपेला मी बापाला सल्ला देण्याआधी मिरजेचा इतिहास सांगायचं ठरवलं. तोच इथं लिहितो आहे.

एकटा माणूस आणि अख्खी गल्ली

पदवी नसताना जगाच्या पाठीवर पोचलेला माणूस म्हटलं की आमच्या भागात पहिलं नाव येतं अण्णाभाऊ साठे यांचं. वाटेगाव पाटणपासून लांब नाही. आज ते सांगली जिल्ह्यात आहे, पण अण्णाभाऊ जन्मले तेव्हा, 1920 साली, तो सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. शाळा दीड दिवसाची. मुंबईत गिरणीत काम, मग शाहिरी. 1944 साली बार्शीच्या अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. अमर शेख म्हणजे मेहबूब हुसेन पटेल. 1961 साली अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं.

हे उदाहरण मी पूर्वी पालकांना देत असे. एकदा एक बाप म्हणाला, “सर, अण्णाभाऊ एकच झाले. आणि त्यांचं शेवटी काय झालं?” त्याचं चुकलं नव्हतं. अण्णाभाऊ 1969 साली हलाखीतच गेले. एखाद्या प्रतिभावंताचं चरित्र सांगून बापाची काळजी मिटत नाही, कारण आपलं पोर प्रतिभावंत आहे की नाही हे त्याला ठाऊक नसतं. त्याला साध्या, बेताच्या पोराचं काय होईल ते हवं असतं.

त्याचं उत्तर मिरजेत आहे. तिथं एकट्या माणसाची नाही, एका गल्लीची गोष्ट आहे. पिढ्यान्‌पिढ्या पदवीशिवाय काम करणाऱ्या कुटुंबांची. त्यांनी घडवलेली वाद्यं आज जगभरच्या मैफलींत वाजतात.

तलवारीची धार ते तंबोऱ्याची जवारी

मिरज म्हटलं की पाटण-कराडच्या माणसाला दवाखाना आठवतो. पण मिरज मुळात किल्ल्याचं गाव. बहामनी, मग आदिलशाही, मग मराठे. पेशव्यांनी ते पटवर्धनांना दिलं. किल्ला आला म्हणजे फौज आली आणि फौज आली म्हणजे शिकलगार आले.

‘शिकलगार’ हा शब्द फारसीतल्या ‘सैकलगर’वरून आला. सैकल म्हणजे घासूनपुसून चकाकी आणणं. सूफींच्या बोलण्यात दिलाच्या आरशाला सैकल करतात, शिकलगार तलवारीला करायचा. भाले, कट्यारी, तलवारी घडवणं, त्यांना धार लावणं, पाणी देणं हे त्याचं काम. धातू किती तापला, किती घासायचा आणि कुठं थांबायचं हे त्याला हाताच्या स्पर्शानं आणि कानानं कळायचं. मोजायला कुठलंच यंत्र नव्हतं.

1818 साली पेशवाई संपली. फौजा मोडल्या. ज्या हत्यारांवर शिकलगारांची चूल पेटत होती ती हत्यारं भिंतीवर टांगली गेली. हजारो कारागिरांचा धंदा बसला. कुणी विळे-कोयत्यांना धार लावत गावोगाव फिरू लागला, कुणी मजुरीला लागला. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण आदिलशहांची नावं मोठ्या अभिमानानं घेतो. पण मराठी मुसलमानांतली बहुसंख्य माणसं तख्तावर बसणाऱ्यांच्या वंशातली नाहीत. ती शिकलगार, पिंजारी, मोमीन, अत्तार, बागवान, तांबोळी, मण्यार अशी हातानं कमावणारी आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या पुष्कळांचं हुनर एका पिढीत निरुपयोगी झालं. आज आपण ‘स्किल आउटडेटेड झालं’ म्हणतो, ते यापेक्षा वेगळं नाही.

मिरजेत मात्र एक वेगळी गोष्ट घडली. पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती. उत्तरेतले गवय्ये, बीनकार, सतारिये त्यांच्याकडे येत. बैलगाडीच्या प्रवासात वाद्यं मोडत, भोपळे तडकत. उत्तरेत परत पाठवून दुरुस्त करून आणायचं म्हणजे महिने जाणार. मिरजेत कसबी हात कुणाचे, तर शिकलगारांचे. 1850 च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊ मोहिनुद्दीन यांनी हे काम हातात घेतलं. आधी दुरुस्ती, मग नवीन वाद्य. मिरजेच्या वाद्यनिर्मितीची सुरुवात या दोन भावांपासून सांगितली जाते.

पुढं या घराण्यांतल्या काहींनी आडनावच बदललं. शिकलगाराचे ते ‘सतारमेकर’ झाले. अर्धं नाव आपलं, अर्धं इंग्रजी. इंग्रजी शाळेत न गेलेल्या माणसांनी स्वतःच्या हुनराला दिलेली ही पदवीच म्हणायची. आजही मिरजेत सतारमेकर गल्ली विचारलं की कुणीही रस्ता दाखवतो.

या शाळेचा अभ्यासक्रम

“डिग्री नाही म्हणजे शिक्षण नाही” असा आपला एक समज असतो. मिरजेचा तंबोरा कसा होतो ते पाहिलं की तो टिकत नाही.

सुरुवात भोपळ्यापासून. हा भाजीचा भोपळा नव्हे. कडू, जाड सालीचा, घागरीएवढा वाढणारा. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या पट्ट्यातल्या शेतांतून. भोपळा वेलीवरच पक्का व्हावा लागतो, नीट वाळावा लागतो, त्याला कीड लागता कामा नये. कारागीर टिचकी मारून ऐकतो आणि घ्यायचा की सोडायचा ते ठरवतो. मग भोपळा कापायचा, पाण्यात भिजवायचा, आतला गर आणि बिया काढायच्या, आकार बसेपर्यंत आतून काड्यांचा आधार द्यायचा, पुन्हा वाळवायचा. त्यावर तुणाच्या लाकडाचा गळा, दांडी आणि तबली बसते. तबली जाड राहिली तर आवाज दबतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणानं बसते. खुंट्या अशा बसवाव्या लागतात की फिरवताना अडू नयेत आणि सोडल्यावर सरकू नयेत. मग नक्षी, मग लाखेचं पॉलिश.

आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात अवघड काम म्हणजे जवारी. तंबोऱ्याच्या तबलीवर जी रुंद घोडी असते, तिचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण तो किंचित बाकदार असतो. तार त्या बाकाला ओझरती चाटून जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा. धागा योग्य जागी आला की एकाच तारेतून जणू अनेक स्वर उमलतात आणि खोली भरून जाते. घोडीवर कानस किती फिरवायची हे कुठल्या पुस्तकात नाही. एक हात जास्त फिरला तर मेहनत वाया.

शागीर्द वर्षानुवर्षं भोपळे साफ करतो, लाकूड तासतो, पॉलिशचे हात मारतो. जवारीला हात लावायची परवानगी फार उशिरा मिळते. बी.एड.चा कोर्स माझ्या वेळी एका वर्षाचा होता. त्या मानानं ही शाळा फार लांबलचक आहे, आणि हिच्यात कॉपी करून पास होता येत नाही.

या जवारीचं शास्त्र एका मोठ्या पदवीधरानं मांडलं. 1921 साली, नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी, सी. व्ही. रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. युरोपीय भौतिकशास्त्रात असा नियम होता की तार जिथं छेडली, त्या जागी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर उमटत नाही. तंबोरा आणि वीणा यांच्यात तो उमटतो असं रामन यांच्या लक्षात आलं आणि त्याचं कारण त्यांना सापडलं ते या बाकदार घोडीत. जो नियम विद्यापीठांत शिकवला जात होता, त्याला ओलांडणारी घोडी आपल्याकडचे कारागीर कितीतरी आधीपासून कानसेनं घडवत होते. यात रामन यांना कमी लेखायचं नाही. का होतं हे समजायला रामनच लागतात. पण कसं करायचं ते ज्याला येतं, त्याला अडाणी म्हणणारे आपण कोण?

मिरजेतून निघालेली माणसं

हातानं वाद्य करणारे आणि ते वाजवून गाणारे यांची मिरजेत सोबत झाली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकायला कुरुंदवाडचा एक मुलगा मिरजेत आला. फटाक्यानं त्याच्या डोळ्यांना इजा झाली होती आणि शाळा सुटली होती. तो विष्णु दिगंबर पलुस्कर. 1896 साली त्यानं मिरज सोडली आणि 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं.

कैराना गावचे अब्दुल करीम खाँ (1872–1937) मिरजेत स्थिरावले. प्लेगच्या दुखण्यातून ते ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झाले असं सांगितलं जातं, आणि उरुसात हजेरी लावणं त्यांनी सोडलं नाही. याच दर्ग्याच्या उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. कारागिराचा मान कसा राखावा हे त्या प्रथेत दिसतं. खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीचं चांगलं अंग होतं, स्वतःचा तंबोरा ते स्वतः जुळवून घेत. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आय.सी.एस. अधिकारी क्लेमंट्स हे बावीस श्रुतींचा अभ्यास करत होते तेव्हा प्रयोगासाठी गळा होता खाँसाहेबांचा. एकीकडे सरकारी हुद्दे, दुसरीकडे शाळेचं शिक्षण नसलेला गवय्या, आणि मोजायचे स्वर मात्र या गवय्याचे. खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना एका रेल्वे स्टेशनवर वारले. त्यांना मिरजेत आणून दर्ग्यात दफन केलं.

त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर 1905 साली मिरजेतच जन्मली. बाईनं चारचौघांत बसून गाणं म्हणजे बदनामी, असा तो काळ. हिराबाईंनी तिकीट लावून मैफली केल्या, पूर्व आफ्रिकेत गायल्या, भारताच्या शिष्टमंडळाबरोबर चीनला गेल्या, 1970 साली पद्मभूषण झाल्या.

ही सगळी माणसं जिथं गेली तिथं तंबोरा बरोबर गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरज रेल्वेचं जंक्शन झालं होतं. मिरजेचा तंबोरा कापडात गुंडाळून गाडीत बसला आणि मुंबई, धारवाड, पुढं देशभर पोचला. 1965 साली बीटल्सच्या एका गाण्यात जॉर्ज हॅरिसननं सतार वाजवली, पुढच्या वर्षी तो पंडित रविशंकरांकडे शिकायला भारतात आला आणि पश्चिमेत सतारीला अचानक गिऱ्हाईक मिळालं. सतारीत कोलकात्याच्या कारागिरांचं नाव मोठं आहे, ते मान्य करायला हवं. पण गायकाच्या मागं धरायचा तंबोरा म्हटलं की जाणकार मिरजेचंच नाव घेतात.

जे मिरजेनं गमावलं

इथपर्यंत ऐकून त्या पोराचे डोळे चमकत होते. बापाच्या कपाळावरची आठी तशीच होती. ती गेली नाही हे बरंच झालं, कारण गोष्टीची दुसरी बाजू सांगायची होती.

मिरजेचं वाद्य जगभर गेलं, कारागिराचं नाव पुष्कळदा त्याच्याबरोबर गेलं नाही. दूरच्या शहरातल्या दुकानदारानं माल घ्यावा, आपलं लेबल चिकटवावं आणि परदेशी गिऱ्हाइकाला विकावं, असंही होत आलं आहे. परदेशातून इंग्रजीत आलेलं पत्र वाचून घ्यायला दुसरा कुणीतरी लागायचा. बिल, निर्यातीचे कागद, बँकेचे व्यवहार यांची माहिती ज्याला होती, त्याच्या हातात पैसा राहिला. कानस ज्याच्या हातात होती, त्याच्या वाट्याला मजुरी आली. पदवी नसल्यामुळे कलेचं काही अडलं नाही. पण अक्षरओळख, हिशोब आणि भाषा नसल्यामुळे बरकत मात्र अडली. हा फरक नीट समजून घ्यायला हवा. ‘डिग्रीची गरज नाही’ असं मोबाइलवर सांगणारी मंडळी तो समजावत नाहीत.

दुसरं संकट यंत्राचं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. आज मोबाइलमधल्या अॅपवर फुकट तंबोरा वाजतो. नवशिक्या विद्यार्थ्यानं हजारो रुपयांचं वाद्य का घ्यावं? कच्च्या मालाचंही तसंच. हस्तिदंत आणि सांबरशिंग वन्यजीव कायद्यानं गेलं, ते योग्यच झालं. त्यांच्या जागी उंटाचं हाड आणि प्लास्टिक आलं, त्यावर नव्यानं हात बसवावा लागला.

तिसरं दुःख जास्त खोलवरचं आहे. कारागिराचीच मुलं या कामात यायला नाखूश असतात. ज्या समाजाला ‘तुम्ही शिकत नाही’ हे टोमणे पिढ्यान्‌पिढ्या ऐकावे लागले, त्या समाजातल्या बापाला पोराच्या हातात पदवीचा कागद बघायचा असतो. त्यात चूक काय? मलाही माझ्या अब्बांनी याच इच्छेपोटी शिकवलं. मी घरातला पहिला पदवीधर. बी.ए., बी.एड. झाल्यावर कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर काढली ते वेगळं. पण त्या कागदानं मला खुर्ची दिली, गावात ‘सर’ म्हणवलं. त्या कागदाला मी नावं ठेवणार नाही.

2024 साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आता दुसऱ्या गावात केलेल्या वाद्याला ‘मिरजेचं’ म्हणून विकता येणार नाही. फरीदसाहेबांच्या वेळेपासून मोजलं तर पावणेदोनशे वर्षांनी या गल्लीला सरकारी कागद मिळाला. काम आधी झालं, कागद मागून आला.

आणखी एक गंमत त्याच गावात आहे. पलुस्करांच्या शिष्यांनी पुढं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. संगीताच्या विशारद, अलंकार या परीक्षा घेणारी ही संस्था. तिचं कार्यालय मिरजेत आहे. शाळा सुटलेल्या पलुस्करांच्या नावानं आज मिरजेतून संगीताची प्रमाणपत्रं निघतात. आणि त्याच गावच्या सतारमेकर गल्लीत कुठलंही प्रमाणपत्र नसलेली माणसं ती वाद्यं घडवतात, ज्यांच्या साथीनं ते परीक्षार्थी गातात. दोन्ही ठिकाणं एकमेकांवाचून अपुरी आहेत.

शेवटी काय ठरलं

जूनमध्ये आम्ही तिघं पाटणहून एस.टी.नं कराडला गेलो आणि तिथून रेल्वेनं मिरजेला. आधी दर्ग्यात फातेहा वाचली, मग गल्लीत गेलो. ओळखीतून ठरवून ठेवलेल्या एका कारखान्यात एक वयस्क कारागीर घोडीवर काम करत होते. आम्हाला बसायला सांगून ते पुन्हा कामाला लागले. कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, धागा किंचित सरकवायचा, पुन्हा छेडायची. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका क्षणी आवाज उघडला. मला संगीतातलं काही कळत नाही, पण तो फरक मलाही कळला. पोरगा पुढं सरकून बसला होता.

बापानं नेमका प्रश्न विचारला, “चाचा, पैल्या साल किती सुटतील याला?”

“पहिल्या वर्षी जेवण आणि गाडीखर्च,” चाचा म्हणाले. “खोटं सांगणार नाही. तीन-चार वर्षांनी पोटापुरतं. जवारी हाताला आली तर पुढं कमी पडणार नाही. पण नुसता दोन महिने हौस म्हणून येणार असेल तर नको. माझाही वेळ जातो.” मग पोराकडं बघून त्यांनी विचारलं, “इंग्रजी येतं का रे? परदेशातून मेसेज येतात, माझा नातू कॉलेजला गेला की कुणी वाचत नाही.”

मी लिहितो आहे त्या सगळ्याचा सारांश या एका प्रश्नात होता असं मला वाटतं.

परतीच्या गाडीत आमचं ठरलं. पोरानं मिरजेत राहून काम शिकायचं. त्याचबरोबर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचं, विषयांत इंग्रजी ठेवायचं. पदवी आधी आणि शौक नंतर, हा माझा जुना सल्ला मी मागं घेतला. पदवी नकोच, असंही म्हणालो नाही. कुठला उस्ताद मिळतो, त्याच्यापुढं किती वर्षं बसायची तयारी आहे आणि आपल्या कामाचा कागद आपल्यालाच वाचता येतो का, हे तीन प्रश्न मी आता पालकांपुढं ठेवतो. ज्या पोराकडं पहिल्या दोहोंचं उत्तर आहे त्याला अडवू नये आणि तिसऱ्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांनी घ्यावी.

बापाचं अजून पूर्ण समाधान झालेलं नाही. जुम्याच्या नमाजीनंतर भेटले की ते विचारतात, “सर, हुईंगा ना सब बरोबर?” मी त्यांना खात्री देत नाही. पोरगा सध्या भोपळे साफ करतो एवढंच सांगतो. मागच्या आठवड्यात त्यानं पाठवलेल्या फोटोत त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भोपळ्याच्या गरानं माखलेले होते. तो फोटो मी त्या टेम्पोवाल्या विद्यार्थ्यालाही दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “सर, माझ्याकडं बोरू अजून आहेत.”

या रविवारपासून शाळेच्या एका खोलीत तो पाचवी-सहावीच्या पोरांना खुशखती शिकवणार आहे.